वीस हजारांत पहिले आर.सी. (रेडिओ कंट्रोल) हेलिकॉप्टर कोणते घ्यावे आणि ते सोसायटीच्या कार्यक्रमात उडवता येईल का?

तुम्ही पुण्यात विमाननगरला राहता, 20,000 रुपयांपर्यंत खर्च करू शकता, आणि छंद म्हणून घेतलेले हे हेलिकॉप्टर सोसायटीच्या बागेत किंवा गच्चीवर उडवून पुढच्या 26 जानेवारीला सभासदांना दाखवण्याची तुमची इच्छा आहे. खरेदीचे पुढे पाहू. सोसायटीच्या कार्यक्रमात हेलिकॉप्टर उडवू नका, आणि कोणी आग्रह धरलाच तर नकार लेखी द्या. लेखी का, ते सांगतो.

मी सांगलीत राहतो, आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवतो आणि 450 या आकाराच्या वर्गातील हेलिकॉप्टर बरीच वर्षे उडवतो आहे. आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीला एका वर्षी कल्पना सुचली की, ध्वजवंदन होताच माझ्या हेलिकॉप्टरमधून ध्वजावर आणि जमलेल्या सभासदांवर पुष्पवृष्टी व्हावी. त्यासाठी मला मुद्दाम बैठकीला बोलावण्यात आले. सेक्रेटरी काका तसे सज्जन गृहस्थ. झेंडूच्या पाकळ्यांचा खर्चही त्यांनी आधीच अंदाजपत्रकात धरला होता, त्यामुळे मी होकार देणार हे सर्वांनी गृहीतच धरलेले होते.

मी त्याच बैठकीत नाही म्हणालो आणि कारणेही दिली. 450 च्या हेलिकॉप्टरला साधारण 325 मिलिमीटरची पाती असतात, म्हणजे रोटरचा, फिरणाऱ्या पात्यांच्या वर्तुळाचा, व्यास 70 सेंटिमीटरच्या आसपास जातो. मिनिटाला 2,500 फेरे धरले तरी पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 330 किलोमीटर होतो, हा हिशेब मी विषयपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवला. त्याहून मोठ्या 700 वर्गाच्या यंत्रात हाच वेग ताशी 600 किलोमीटरच्या घरात पोहोचतो. सप्टेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका उद्यानात 19 वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टरचे पाते लागून जागीच मरण पावला, आणि तो नवशिका नव्हता, चांगला सराव असलेला उड्डाणपटू होता, हेही मी सांगितले.

यावर सेक्रेटरी काकांचे म्हणणे असे पडले, “सर, लग्नात ड्रोनवाले नवरा-नवरीवर फुले टाकतात, त्यांचे कुठे काय होते?” हा प्रश्न मला आजही विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो. माणसांच्या डोक्यावरून ड्रोन उडवणेही गैरच आहे; पण त्याचे पंखे लहान असतात, तर हेलिकॉप्टरची सगळी शक्ती दोन लांब पात्यांत साठलेली असते आणि मोटर बंद केल्यावरही ती पाती काही काळ फिरत राहतात. मोटर हवेत बंद पडली तर ऑटोरोटेशनने, म्हणजे खालून येणाऱ्या हवेने फिरत राहिलेल्या पात्यांच्या आधारे, उतरता येते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी उंची, पुढे जाण्याचा वेग आणि खाली मोकळी जागा लागते. वीस-पंचवीस फुटांवर स्थिर थांबलेल्या हेलिकॉप्टरजवळ यांतले काहीच नसते, आणि खाली खुर्च्यांवर सोसायटीतील आजी-आजोबा बसलेले असतात. राहिली पुष्पवृष्टी. जेमतेम किलोभर वजनाच्या यंत्राखाली पाकळ्यांची पिशवी टांगली की तिच्या प्रत्येक झोक्याबरोबर गुरुत्वमध्य सरकतो, आणि पिशवी उघडण्याची दोरी सैल सुटून शेपटीच्या रोटरात गेली तर यंत्र स्वतःभोवती गरगर फिरत खाली येते.

एवढ्यावर न थांबता मी पर्यायही सुचवला होता. ऊसतोड झालेल्या एका ओळखीच्या शेतात मी रविवारी सकाळी उडवतो, तेथे यावे, मी चुन्याची रेघ आखून देईन आणि सर्वांनी तिच्यामागे उभे राहून हवे तितके पाहावे. काही कुटुंबे आलीही, मुलांनी भरपूर प्रश्न विचारले. कार्यकारिणीपैकी कोणी आले नाही. पुढे इतिवृत्तात मात्र नोंद झाली ती अशी की, पुष्पवृष्टीचा कार्यक्रम माझ्या ऐनवेळच्या असहकारामुळे रद्द करावा लागला. मी नकार भर बैठकीत, कार्यक्रमाच्या कितीतरी आधी, कारणांसह दिला होता. तो कोणी लिहून घेतला नाही, हा माझा दोष कसा? वार्षिक सभेत मी दुरुस्ती सुचवली, तीही ‘पुढील सभेत विचार करू’ या शेऱ्याखाली पडून आहे. म्हणून म्हणतो, नकार लेखी द्या आणि पोच घ्या.

तुमच्या बाबतीत तर वादालाच जागा नाही. विमाननगर लोहगावच्या विमानतळाला आणि हवाई दलाच्या तळाला खेटून आहे. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या ड्रोन नियमांत रोटरक्राफ्ट हा प्रकार स्पष्टपणे धरलेला आहे, त्यामुळे ‘माझे हेलिकॉप्टर आहे, ड्रोन नव्हे’ ही सबब चालत नाही. केवळ छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटमधून (यंत्राच्या प्रकाराला मिळणाऱ्या प्रमाणपत्रातून) सूट आहे, पण ही सूट लाल क्षेत्रात, म्हणजे तुमच्यासारख्या विमानतळालगतच्या मनाई असलेल्या भागात, उडवण्याची नव्हे. तेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय 250 ग्रॅमच्या आतले यंत्रही उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशा पाहा आणि शहराबाहेर हिरव्या, म्हणजे मोकळीक असलेल्या क्षेत्रातील जागा शोधा. खडकवासल्याकडे वळणार असाल, तर तिकडे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, हे लक्षात घेऊन नकाशा आधी बघा.

आता खरेदी. वीस हजार ही रक्कम एका हेलिकॉप्टरची नाही. ट्रान्समीटर (हातातला रिमोट), चार्जर, बॅटऱ्या आणि सुटे भाग मिळून ती सगळ्याची आहे, असे समजा. पहिला खर्च संगणकाला यूएसबीने जोडता येणाऱ्या चांगल्या ट्रान्समीटरवर आणि सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर उडवण्याचा सराव देणाऱ्या प्रोग्रॅमवर, करा. सिम्युलेटर म्हणजे व्हिडिओ गेम, असे म्हणणाऱ्यांची हेलिकॉप्टरे मी शेतातून पिशवीत भरून घरी जाताना पाहिली आहेत. यंत्राचे नाक स्वतःकडे असताना डावे-उजवे उलटे होते, हे हाताला कळायला काही महिने लागतात, आणि ते महिने पडद्यावर घालवणे स्वस्त पडते. हात बसल्यावर ओएमपी एम1 किंवा एक्सके के110 यांसारखे लहान कलेक्टिव्ह पिच (पात्यांचा कोन बदलून वर-खाली होणारे) यंत्र घ्या. त्यांच्या रोटरचा व्यास एक फुटाहूनही कमी असतो आणि स्थिरता राखणारा मोड असल्यामुळे सुरुवात सोपी जाते. दोन रोटर एकावर एक असलेली कोअॅक्सियल खेळणी घेऊ नका. ती दिवाणखान्यात छान तरंगतात, पण मोकळ्या हवेत वाऱ्याबरोबर जातात, आणि त्यांच्यावर शिकलेले पुढे फारसे उपयोगी पडत नाही. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. बाहेरून मागवलेले हेलिकॉप्टरही त्यात धरले जाऊन कस्टममध्ये अडकण्याचा धोका असतो, म्हणून ज्याच्याकडे पाती, मेन शाफ्ट आणि गिअर सुटे मिळतात अशा देशातल्याच दुकानदाराकडून घ्या. ज्याचा मेन गिअर मिळत नाही, ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी महाग.

450 कडे तुम्ही पुढे वळालच. मोठे यंत्र वाऱ्यात अधिक स्थिर राहते आणि डोळ्यांनाही नीट दिसते. तेव्हा आयटीआयमध्ये मुलांना लावतो त्याच सवयी स्वतःला लावून घ्या. धातूत धातू बसतो अशा प्रत्येक स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावायचे, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला अजिबात नाही. पात्यांचे बोल्ट इतकेच आवळायचे की हेलिकॉप्टर आडवे धरल्यावर पाती आपोआप लोंबणार नाहीत, पण हलका झटका दिल्यावर वळतील. टेबलावर स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) किंवा सर्व्हो (ती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) जुळवताना मुख्य मोटरच्या वायरी सोडवून ठेवायच्या. घरातल्या टेबलावर अचानक सुरू झालेली मोटर थांबवायला हात पुढे करणे ही या छंदातली सर्वांत वाईट प्रतिक्षिप्त क्रिया आहे. शेतात आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारी कळ) लावायचा, मगच बॅटरी जोडायची, आणि पंचवीस-तीस फूट मागे गेल्यावरच होल्ड काढायचा. कोणी बोलायला जवळ आले, कुत्रे आले, फोन वाजला, तर उतरवून पुन्हा होल्ड. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होते की नाही, हे फेलसेफ (त्यासाठीची सेटिंग) लावल्याच दिवशी वायरी काढलेल्या असतानाच तपासून घ्या. पहिली पाती लाकडी घ्या. जमिनीला लागली की ती तुटतात, आणि कार्बनच्या पात्यांप्रमाणे धक्का शाफ्टपर्यंत पोहोचवत नाहीत.

हे सगळे वाचून तुम्ही घाबरू नये. लहान यंत्र, रिकामी जागा आणि पहाटेची वाराविरहित हवा असेल, तर या छंदात जखम होण्याचे कारण नाही. नियम मात्र अधूनमधून बदलतात, त्यामुळे माझ्या उत्तरावर विसंबून न राहता उडवण्याच्या दिवशी नकाशा स्वतः पाहा. आणि सगळ्याच सोसायट्या आमच्यासारख्या नसतील, हेही मान्य करतो.

गच्चीचे राहिले. तेथे उडवू नका. लाल क्षेत्राचा प्रश्न वेगळा ठेवला तरी कठड्यावरून येणारा वारा आतल्या बाजूला भोवरे करतो, आणि एकदा कठडा ओलांडला की यंत्र खालच्या रस्त्यावरच्या माणसांवर पडते. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चार्ज करायला मात्र गच्ची दिवाणखान्यापेक्षा चांगली: सावलीत, फरशीवर, जवळ वाळूची बादली ठेवून, बॅटरीच्या क्षमतेएवढ्याच करंटने (2,200 एमएएचला 2.2 अँपिअर), आणि चार्ज होईपर्यंत स्वतः तेथे बसून. आठवडाभर उडवणार नसाल, तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका.