तेल मालिश येते, पण क्लायंटचं दुखणं दुसऱ्या दिवशी परत येतं. वेदनेसाठी आधी कोणतं नवं तंत्र शिकावं?

तुम्ही लिहिलंय की अभ्यंग आणि स्वीडिश मसाज दोन्ही नीट येतं, पण मान-खांदा आणि कंबर धरलेले लोक आले की तेवढ्यापुरता आराम पडतो. डीप टिश्यू (खोल दाबाची मालिश), ट्रिगर पॉइंट (स्नायूतली दुखरी गाठ), मायोफेशियल (स्नायूंवरच्या आवरणावरचं, म्हणजे फॅसियावरचं काम), कपिंग (कातडीवर कप चिकटवून ती ओढणं) यातलं आधी काय, आणि दाब किती, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: ट्रिगर पॉइंटवरचा दाब आणि त्याला जोडून पीआयआर, म्हणजे स्नायूला हलका जोर लावायला सांगून मग सैल सोडायला लावायचं तंत्र. ही दोनच, तीही आधी चार-पाच स्नायूंवर. डीप टिश्यूच्या नावाखाली आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जे शिकवतात ते म्हणजे तेच स्ट्रोक, फक्त कोपराने आणि जास्त जोरात. त्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही.

अख्ख्या पाठीला तेल लावून रगडल्यावर बरं वाटतं ते खरंच असतं, पण दुखतंय तिथेच मूळ असतं असं नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येते आणि कारण फऱ्यावरच्या इन्फ्रास्पिनेटस स्नायूत निघतं. डोक्याच्या एका बाजूला, कानामागून कपाळाच्या कडेपर्यंत ठणका असतो आणि गाठ खांद्याच्या वरच्या ट्रॅपेझियसमध्ये असते. कुल्ल्यात दुखतंय म्हणणाऱ्याचा स्नायू कमरेतला क्वाड्रेटस लंबोरम असू शकतो. कोणत्या स्नायूची कळ कुठे जाते याचे हे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ साली सविस्तर मांडले. ट्रॅव्हेल म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची पाठ सांभाळणाऱ्या, व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला डॉक्टर. नकाशे पाठ करा, पण कागदापुरते मानू नका. ट्रिगर पॉइंट म्हणजे स्नायूत नेमकं काय असतं यावर अजून वाद आहे, आणि दोन तपासणारे एकाच जागी बोट ठेवतीलच असंही नाही. म्हणून बोटापेक्षा आधीच्या आणि नंतरच्या हालचालीवर विश्वास ठेवा.

म्हणजे असं. टेबलावर झोपवण्याआधी क्लायंटला बसवून मान दोन्हीकडे वळवायला सांगा. हनुवटी आणि खांदा यांच्यात किती बोटं राहतात ते मोजून वहीत लिहा. कंबर असेल तर उभ्याने हळूहळू पुढे वाकवून बोटं आणि जमीन यांतलं अंतर बघा. कुठे ओढ लागते, तेही त्यांच्याच शब्दांत लिहा. काम झाल्यावर तीच हालचाल पुन्हा. फरक पडला तर स्नायू बरोबर होता. नाही पडला तर तिथेच आणखी जोर लावण्यात अर्थ नाही, दुसरा स्नायू शोधा.

आता ट्रॅपेझियस घ्या, कारण शिकायला तो सगळ्यात सोपा. क्लायंटला उताणं किंवा कुशीवर झोपवा, हात सैल. तेल लावलं असेल तर तेवढी जागा कोरड्या टॉवेलने पुसून घ्या, निसरड्या कातडीवर गाठ सापडत नाही. मान आणि खांद्याच्या मधला जाड काठ अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूच वर उचला आणि बोटांमध्ये फिरवा. पायजम्याच्या नेफ्यातली नाडी बोटांना लागते तशी एक ताठ दोरी लागेल. तिच्यावरून सरकत जा, सगळ्यात दुखरी जागा आली की थांबा आणि एकच प्रश्न विचारा: "तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?" नुसतं दुखणं पुरेसं नाही, कोणाच्याही खांद्यात दुखऱ्या जागा असतात. "हो, हेच, आणि वर डोक्यात जातंय" असं आलं तरच तिथे वेळ घालवा.

दाबाचं मोजमाप क्लायंटच्या तोंडून घ्यायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. पाच-सहावर थांबा. बोटाला पहिला अडथळा लागला की तिथेच स्थिर राहायचं, आत घुसायचं नाही आणि चोळायचं तर मुळीच नाही. साधारण २० ते ६० सेकंदांत बोटाखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतं आणि क्लायंट "आता तीन" म्हणतो. मग जेवढी ढील मिळाली तेवढंच पुढे जाऊन पुन्हा थांबा. ९० सेकंदांत काहीच बदललं नाही तर सोडून द्या. एका जागी दोन-तीन वेळा, आणि एका बैठकीत चार-पाच जागा पुरे. नवीन शिकलेले लोक उत्साहाच्या भरात पंधरा गाठी काढतात आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन येतो की हात उचलत नाही.

जास्त दाबणं हीच इथली सगळ्यात मोठी चूक आहे. पूर्वी ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांच्याच पद्धतीत रक्तपुरवठा थांबेल इतका दाब सांगितला जायचा. १९९९ च्या सुधारित मांडणीत तो सोडून अडथळ्यापर्यंतच जाणारा हलका दाब आला. कारण साधं आहे. आठ-नऊच्या वेदनेला स्नायू बचावासाठी आखडतो, आणि तुम्ही त्याच्याशी झुंजत बसता. शरीर ते आधीच सांगत असतं: श्वास रोखला, पायाची बोटं आवळली, कपाळाला आठ्या पडल्या की जोर कमी करा. तोंडाने मात्र ते "चालेल चालेल, दाबा" म्हणत राहतात. जोरात दाबल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत असं मानणारे पुष्कळ आहेत, त्यांना आधीच समजावून सांगावं लागतं.

बोटाखाली ठोके लागले तर जागा सोडा, ती धमनी आहे. मुंग्या आल्या किंवा वीज चमकल्यासारखी कळ गेली तर मज्जातंतूवर आहात, बोटभर बाजूला सरका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या शेजारी दाबायचंच नाही. तिथे दाबल्याने नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. कमरेत बाराव्या बरगडीखाली कोपर घालायचा नाही, खाली मूत्रपिंड आहे. क्वाड्रेटससाठी क्लायंटला कुशीवर घ्या, खालच्या बाजूला कमरेखाली उशी द्या आणि बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधल्या जागेत, पाठीच्या जाड स्नायूच्या बाहेरच्या कडेने, आधार दिलेल्या अंगठ्याने मणक्याच्या दिशेने हळू जा.

दाबानंतर लगेच पीआयआर. हे कारेल लेविट या चेक डॉक्टरांमुळे रुळलं. मान अवघडून एका बाजूला वळतच नाही, तेव्हा बहुधा मानेतून फऱ्याकडे जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू असतो. फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापाशी तो सापडतो. उजवा असेल तर क्लायंटला खुर्चीवर बसवून उजव्या हाताने खुर्चीची कड धरायला सांगा, म्हणजे खांदा वर येणार नाही. मान डावीकडे अर्धी वळवून हनुवटी डाव्या काखेकडे न्या, ओढ जिथे जेमतेम जाणवेल तिथे थांबा. तुमचा तळहात डोक्याच्या मागे. आता त्यांनी श्वास घेत डोकं तुमच्या हातावर मागे रेटायचं, पण तुम्हाला दोन बोटांनी अडवता येईल इतकंच. ७ ते १० सेकंद. मग श्वास सोडत पूर्ण सैल. सैल झाल्याची खात्री पटेपर्यंत थांबा, मगच नवी ढील घ्या. तीन ते पाच वेळा.

इथे बिघडतं ते दोनच कारणांनी. क्लायंट सगळी ताकद लावतो, किंवा थेरपिस्टला घाई होते आणि तो सैल व्हायच्या आधीच ओढतो. चक्कर, मळमळ, दोन-दोन दिसणं असं काही झालं तर जागच्या जागी थांबा. आणि मान झटक्याने मोडणं कधीही नाही. केस कापल्यावर चंपीबरोबर फुकटात मान कडकन मोडून देतात, ती सवय आपल्या टेबलावर आणू नका. मानेतली धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

ट्रॅपेझियस, लेव्हेटर, इन्फ्रास्पिनेटस, क्वाड्रेटस आणि कुल्ल्याचे ग्लुटियस, एवढं हातात बसलं की निम्म्याहून जास्त तक्रारींना तुमच्याकडे काहीतरी असेल. प्रत्येक स्नायू निदान दहा वेगवेगळ्या अंगांवर हाताळा: बारीक, जाड, म्हातारं, तालमीतलं. तालमीतल्या पैलवानाला लागणारा दाब आजीबाईंना लावलात तर अंग काळंनिळं होईल. ठिसूळ हाडांच्या माणसांसाठी लॉरेन्स जोन्स या अमेरिकी डॉक्टरांची पद्धत नंतर जरूर शिका: दुखरी जागा दाबायची नाही, शरीर अशा स्थितीत ठेवायचं की ती दुखायची थांबेल, ९० सेकंद तसंच धरायचं आणि अगदी सावकाश परत आणायचं.

मायोफेशियलही शिका, पण तिसऱ्या नंबरावर. कोरडा हात, तिरका हलका ताण, एका जागी दीड ते पाच मिनिटं. "फॅसिया वितळते" हे क्लासमधलं वाक्य मात्र क्लायंटला ऐकवू नका. मांडीच्या बाजूच्या पट्ट्यासारखी जाड फॅसिया हाताच्या ताणाने लांब होत नाही, आराम बहुधा मज्जासंस्थेमार्फत मिळतो. "विषारी द्रव्यं बाहेर पडतात, भरपूर पाणी प्या" हेही तसंच, त्याला आधार नाही. कपिंग ठीक आहे, पण वण आठवडाभर राहू शकतात, हे आधी सांगा. सुया टोचण्याचं ड्राय नीडलिंग तुमचं काम नव्हे, ते पात्र डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टवर सोडा.

कोर्स निवडताना सर्टिफिकेटवर किती शिक्के आहेत ते बघू नका. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, प्रत्यक्ष हात लावायला किती तास, आणि कोणाला हात लावायचा नाही हे शिकवतात का, ते विचारा. हा शेवटचा भाग नसेल तर पैसे भरू नका. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पाऊल लुळं पडणं: लगेच हॉस्पिटल. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर: आधी डॉक्टर. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हातही लावू नका, शिरेत गुठळी असू शकते. डाव्या खांद्यात-जबड्यात दुखतंय आणि घाम फुटलाय, तर टेबल सोडून अँब्युलन्स. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर खोल दाब आणि कप दोन्ही नको.

स्वतःचा अंगठाही सांभाळा. तो सरळ ठेवून वर दुसऱ्या हाताचा आधार द्या, मनगट दुमडू नका, जोर दंडातून न लावता अंग पुढे कलवून वजनाने द्या. टेबल जास्त उंच असेल तर हे जमत नाही. उभं राहून हात सोडल्यावर मुठीची हाडं टेबलाला टेकतील इतकी उंची धरा, खोल कामाला थोडी कमी.

क्लायंटला घरी पाठवताना सांगा की एक-दोन दिवस अंग ठणकेल, शेक चालेल. भिंतीला टेनिस बॉल लावून त्याच जागी मिनिटभर टेकायचं, दिवसातून दोनदा. तीन-चार बैठकांनंतरही वहीतली बोटं तेवढीच राहिली तर चौथ्या-पाचव्याचे पैसे घेऊ नका, वहीचं पान हातात देऊन फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.