दोन तुकड्या म्हणजे ऐंशी मुलं नव्हेत

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद.

गटकार्यातून अपूर्णांक शिकवण्यावरच्या तुझ्या संशोधनाचा आराखडा मिळाला, दोनदा वाचला. संशोधन पद्धतींचा तक्ता तू मन लावून केला आहेस. प्रायोगिक, अर्धप्रायोगिक, सहसंबंधात्मक, सर्वेक्षण, व्यक्ती अभ्यास. प्रत्येकासमोर फायदे, त्यापुढे तोटे. शेवटी विचारलं आहेस, ‘यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती?’ तक्त्यात चूक एकही नाही. पण त्यातून उत्तर निघणार नाही, कारण त्या तक्त्यात तुझा प्रश्नच कुठे नाही. पद्धतींची तुलना हवेत होत नसते. एकच प्रश्न घ्यायचा, वेगवेगळ्या आराखड्यांतून त्याच्याकडे बघायचं आणि दर वेळी स्वतःला विचारायचं: जे दिसतंय ते माझ्या कारणाशिवाय आणखी कशामुळे दिसू शकलं असतं?

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. माझ्या पहिल्या अभ्यासात मी एक चाचणी घेतली, सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडली, त्यांना सहा आठवडे उपचारात्मक तासिका दिल्या आणि पुन्हा चाचणी घेतली. जवळजवळ सगळ्यांचे गुण वाढले. मी हरखून गेलो. मौखिकीला परीक्षकांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवला आणि एक काढून माझ्यापुढे ठेवली. वरच्या कोपऱ्यात वर्गशिक्षकांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘तापातून उठून आला’. पहिल्या चाचणीत त्या मुलाला चार गुण होते, दुसऱ्या चाचणीत अकरा. परीक्षकांनी विचारलं, ‘तुम्ही काहीच शिकवलं नसतं, तर याला किती मिळाले असते?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती नोंद मी आधी वाचली होती, पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. अगदी तळाची मुलं निवडली, की त्या दिवशी काही ना काही बिनसलेली मुलं त्यात जास्त येतात. पुढच्या वेळी ती आपोआप सरासरीकडे सरकतात. अगदी वरची मुलं निवडशील, तर तीही तशीच खाली सरकलेली दिसतील.

कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या अमेरिकी संशोधकांनी १९६३ साली संशोधनाच्या १६ आराखड्यांची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच. एकगट पूर्वचाचणी–उत्तरचाचणीला, म्हणजे माझ्यासारखा एकच गट घेऊन शिकवण्याआधी आणि नंतर चाचणी घेण्याला, त्यांनी खऱ्या प्रयोगांत धरलंच नाही. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात बाहेर काही घडतं, मुलं वयाने वाढतात, पहिल्या चाचणीनेच हात बसतो, चाचणी किंवा तपासणारा बदलतो, काही मुलं गळतात. यातली प्रत्येक शक्यता म्हणजे दुसरं कारण आत शिरण्याचं एक दार. प्रत्येक आराखडा यातली काही दारं बंद करतो आणि काही उघडी ठेवतो. तुझ्या तक्त्यातला ‘तोटे’चा स्तंभ खोडून तिथे ‘कोणतं दार उघडं राहतं’ असं लिही.

आता एक प्रश्न घेऊ: वर्गात मुलं कमी असली, तर ती जास्त शिकतात का?

नुसतं सर्वेक्षण करून वर्गाची पटसंख्या आणि गुण यांचा सहसंबंध काढलास, तर उत्तर उलटंही येऊ शकतं. नावाजलेल्या शाळेत गर्दी होते, म्हणून तिथे वर्ग मोठे. आणि कच्च्या मुलांना मुद्दाम लहान गटात बसवतात. मग मोठ्या वर्गांचे गुण जास्त दिसतात आणि कुणीतरी निष्कर्ष काढतो, की गर्दीने शिक्षण सुधारतं! सर्वेक्षण टाकाऊ नाही. परिस्थिती काय आहे, किती ठिकाणी आहे, हे त्याच्याइतकं चांगलं कुणी सांगत नाही. ‘कशामुळे’ हे मात्र त्याला विचारू नये.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९८५ साली हाच प्रश्न प्रयोगाने सोडवायला घेतला. ७९ शाळा, चार वर्षं, ११ हजारांहून जास्त मुलं. प्रत्येक शाळेत तिन्ही प्रकारचे वर्ग: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग आणि मदतनीस दिलेला नेहमीचा वर्ग. कोणतं मूल कुठे बसेल आणि कोणते शिक्षक कुठे शिकवतील, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिकपणे ठरलं. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. चिठ्ठीला मूल हुशार की कच्चं, पालक जागरूक की नाहीत, यातलं काही कळत नाही. तिची सगळी ताकद त्यात आहे.

पण इथेही दार उघडं राहिलंच. काही मुलं मधेच वर्ग बदलून गेली, काही शाळा सोडून गेली. शिवाय किमान तीन वर्ग भरतील एवढ्या मोठ्या शाळाच त्यात घेता आल्या. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर खालच्या इयत्तांचे वर्ग लहान केले, तेव्हा एकदम हजारो नवे शिक्षक लागले आणि त्यातल्या अनेकांकडे पुरती पात्रता नव्हती. प्रयोगात हा ताण नव्हता. आंतरिक सप्रमाणता (अभ्यासातला फरक खरोखर त्याच कारणामुळे पडला का) भक्कम असली, तरी बाह्य सप्रमाणता (तोच निष्कर्ष दुसरीकडे लागू पडेल का) वेगळी तपासावी लागते, ती अशी.

चिठ्ठ्या टाकणं शक्य नसेल, तर कधीकधी एखादा नियमच ते काम करतो. इस्रायलमध्ये तेव्हा वर्गाची कमाल मर्यादा ४० मुलांची होती. इयत्तेत ४१वं मूल आलं की दोन वर्ग. मग ४० आणि ४१ पटाच्या शाळा जवळजवळ सारख्याच, वर्ग मात्र आकाराने निम्मे. अँग्रिस्ट आणि लॅव्ही या अर्थतज्ज्ञांनी १९९९ मध्ये या उंबरठ्यावर तुलना केली आणि लहान वर्गांचा फायदा दाखवला. वीस वर्षांनी त्यांनीच सहकाऱ्यांसह नवा, मोठा डेटा घेतला, तेव्हा फायदा दिसला नाही. वर उंबरठ्याजवळ पटसंख्या हलवल्याच्या खुणाही सापडल्या. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर पुन्हा हात घालणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि एवढं सगळं करूनही लहान वर्गात नेमकं बदलतं काय, हे यातला एकही आकडा सांगत नाही. त्यासाठी मागच्या बाकावर महिनोन्‌महिने बसावं लागतं. पट निम्मा झाला, तरी बाई फळ्याकडे तोंड करूनच शिकवतात का? आता उत्तर न येणाऱ्या मुलाकडे त्या थांबतात का? एकाच वर्गाच्या अशा सखोल निरीक्षणाला, म्हणजे व्यक्ती अभ्यासाला, ‘नमुना लहान’ असा शेरा मारून तू त्याला तळाशी टाकलं आहेस, ते मला पटलेलं नाही. त्याचं काम टक्केवारी सांगण्याचं नाहीच. यंत्रणा उघडून दाखवण्याचं आहे.

आता तुझ्या अभ्यासाकडे. एका तुकडीला गटकार्यातून अपूर्णांक, दुसरीला नेहमीच्या पद्धतीने; दोन्हींत चाळीस-चाळीस मुलं, शेवटी टी-चाचणी, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारं गणित. तू नमुना ८० लिहिला आहेस. पण पद्धत मुलाला दिलेली नाही, तुकडीला दिली आहे. म्हणजे तुलनेत घटक दोनच. एका तुकडीचा तास सकाळी आणि दुसरीचा जेवणानंतर असला, एखादी तुकडी मुळातच हुशार मुलांची केलेली असली, तर तो फरक पद्धतीच्या फरकात असा मिसळून जाईल, की टी-चाचणी तो वेगळा काढू शकणार नाही. पूर्वचाचणीने थोडी मदत होते, पुरती नाही. दोन वाटा सुचतात. अधिक शाळा मिळवून तुकड्यांची संख्या वाढव आणि कोणत्या तुकडीला काय, हे चिठ्ठीने ठरव. दुसऱ्या गटाला नंतर तीच पद्धत शिकवलीस, तर कुणावर अन्यायही होणार नाही. तेवढा वेळ नसेल, तर कार्यकारणाचा दावा सोड, एकच तुकडी घे आणि गटात मुलं अपूर्णांकांबद्दल काय बोलतात, कुठे अडतात, एकमेकांना कसं समजावतात, ते बारकाईने नोंदव. मला स्वतःला ही दुसरी वाट जास्त आवडेल, कारण तुझ्या टिपणांतले मुलांचे संवाद वाचताना मी थांबलो होतो. पण निवड तुझी.

ठरवण्याआधी एवढं कळव: दोन्ही तुकड्यांना गणित शिकवणारे शिक्षक एकच आहेत की वेगळे? आणि तुकड्या कशा पाडल्या होत्या, ते मुख्याध्यापकांना विचारून घे.

तुझा,
सर