ट्रेलरसाठी ऐसपैस साइट हवी असेल तर आधी दाराची बाजू बघा

नमस्कार. तुम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहता, पहिलाच ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) घेतलाय, मॉडेलच्या नावात लांबी सुचवणारा २६ आकडा आहे. घरात दोन लहान मुलं, शिवाय उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार. आत्तापर्यंत खासगी आरव्ही पार्कांत (असे ट्रेलर लावून राहायच्या तळांवर) गेलात आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या सांडपाण्याच्या पाइपाकडे तोंड करून खुर्च्या टाकाव्या लागल्या. म्हणून विचारताय, की मोकळी साइट, म्हणजे ट्रेलर लावायची जागा, हुडकायची कशी.

बहुतेक जण लांबीच्या आकड्याकडे बघून बुकिंग करतात. ७० फुटी साइट मिळाली म्हणजे प्रशस्त, असा समज असतो. पण लांबी कामाला येते ती ट्रेलर उभा करायला. माणसं बसतात ट्रेलरच्या शेजारी, आणि तीही एकाच बाजूला. इथल्या ट्रेलरचं दार आणि ऑनिंग (उघडता येणारं कापडी छत) उजव्या अंगाला असतं. पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी आणि बहुधा स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) डाव्या अंगाला. म्हणजे तुमचं अंगण उजवीकडे. त्या बाजूला शेजारी चिकटलेला असेल, तर त्याची पाइपांची बाजू तुमच्या अंगणात येणारच.

आता नकाशा वाचताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बॅक-इन साइटमध्ये ट्रेलर रिव्हर्स करून घालतो, त्याचं तोंड रस्त्याकडे असतं. त्यामुळे रस्त्यावर उभं राहून साइटकडे पाहिलं, तर दार येतं तुमच्या डाव्या हाताला. ती डावी बाजू मोकळी हवी. तिथे झाडी, उतार, पाणी किंवा लूपचा (कॅम्पग्राउंडमधल्या वळशाच्या रस्त्याचा) शेवट असेल तर साइट पक्की करा, मग ती लांबीला दहा फूट कमी असली तरी चालेल. रस्त्यालगत समांतर उभं करायची साइट असेल तर ती एकेरी रस्त्याच्या उजव्या कडेला आहे ना, हे बघा. डाव्या कडेला असली की दार थेट रस्त्यावर उघडतं, आणि लहान मुलं असताना ते नकोच.

दुसरी खूण म्हणजे वळण. लूप जिथे वळतो तिथे बाहेरच्या अंगाच्या साइट्स मागे पसरत जातात, आतल्या अंगाच्या निमुळत्या होतात. नकाशावर दोन्ही नंबर शेजारी-शेजारी दिसतात, प्रत्यक्षात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गूगल मॅप्सवर उपग्रह-दृश्य उघडा, उजवं क्लिक करून अंतर मोजायची सोय वापरा आणि एका साइटच्या टेबलापासून दुसरीच्या टेबलापर्यंत रेघ ओढा. दाट झाडीत टेबल दिसत नाही, पण तेव्हा तर आनंदच आहे, कारण मध्ये झाडी आहे हेच आपल्याला हवं.

जागा कुठल्या, तर तुमच्या भागात माझं पहिलं उत्तर कायम एकच असतं : यूएस आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची, म्हणजे धरणं सांभाळणाऱ्या लष्करी अभियंता दलाची, कॅम्पग्राउंड्स. धरणाच्या जलाशयाभोवतीची बरीचशी जमीन कोअरच्या ताब्यात असते. खासगी पार्कला दर एकरी किती ट्रेलर बसतात यावर धंदा चालवावा लागतो, इथे तसं नाही. लेनियर तलावावर बाल्ड रिज क्रीक आहे, ओल्ड फेडरल आहे, डकेट मिल आहे. अॅलाटूना तलावावर मकिनी. यातली बाल्ड रिज क्रीक तर कमिंग गावाजवळच, तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी निघूनही उजेडात पोचता येईल. लाकडी ओंडक्यांनी बांधून काढलेला खडीचा चौथरा, त्यावर टेबल, शेकोटीचं कडं, कंदील टांगायचा खांब, आणि चार पावलं खाली उतरलं की पाणी. शेजाऱ्याचा दिवा पाइनच्या खोडांमधून लुकलुकताना दिसतो, त्याचं बोलणं ऐकू येत नाही. वीज-पाणीही असतं, आणि जॉर्जियाच्या ऑगस्टमध्ये एसीशिवाय आई-बाबांना ठेवणं शक्यच नाही. कुठलं कॅम्पग्राउंड या मोसमात उघडं आहे, तेवढं आधी बघून घ्या.

अॅलाटूनाबद्दल एक सांगायलाच हवं. पूरनियंत्रणासाठी तिथलं पाणी हिवाळ्यात बरंच खाली उतरवतात. फोटोत काठाला भिडलेली साइट थंडीत लाल चिखलाच्या पठाराकडे बघत बसते. लेनियरची उन्हाळा-हिवाळ्याची ठरलेली पातळी मात्र जवळपास सारखीच, समुद्रसपाटीपासून १०७१ आणि १०७० फूट.

आता माप. मॉडेलच्या नावातला २६ विसरा. हिचच्या (ट्रकला जोडायच्या भागाच्या) टोकापासून मागच्या बंपरपर्यंत स्वतः टेप लावा. नावातल्या आकड्यापेक्षा तीन-चार फूट जास्तच भरतील. तोच आकडा बुकिंग करताना रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर टाका. ट्रक साधारण २० फुटांचा धरला तर दोन्ही एका रांगेत बसायला ५० फूट लागतात. मात्र ट्रेलर उभा करायच्या पट्ट्यावर चाकं असली की झालं, मागचा भाग काही फूट बाहेर लोंबला तरी हरकत नाही. फक्त तिथे झाड किंवा खडक नको. साइटच्या माहितीत ड्राइव्हवेचा उतार दिलेला असतो, तो जरूर वाचा. तीव्र उतार असेल तर पुढचा जॅक पुरा खाली घेऊनही ट्रेलर सपाट होत नाही. आणि नव्याने रिव्हर्स शिकताना साइट ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे असलेली घ्या. खिडकीतून डोकं काढून मागचं चाक दिसतं.

स्टेट पार्कांत जरा निवडून. क्लाउडलँड कॅन्यनचा वेस्ट रिम लूप झाडीतला आणि निवांत आहे. व्होगेल सुंदर, पण १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरने (बेरोजगार तरुणांसाठीच्या तेव्हाच्या सरकारी योजनेने) उभारलेलं जुनं पार्क, रस्ते वळणाचे आणि साइट्स आखूड. सराव होईपर्यंत थांबा. स्मोकी पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट आणि केड्स कोव्ह दोन्हीकडे वीजजोडणी नाही, शिवाय एल्कमाँटला ट्रेलरची मर्यादा ३२ फूट. ते ऑक्टोबरात करा, आई-बाबा असताना नको.

बुकिंग जॉर्जिया स्टेट पार्कचं १३ महिने आधी उघडतं, कोअरचं बहुतेक ठिकाणी सहा महिने आधी. चांगल्या नंबरांची यादी आत्ताच करून ठेवा, बुकिंग उघडतं त्या सकाळी शोधत बसायला वेळ मिळत नाही. शनिवार-रविवार गेलाच असेल तर रद्द झालेल्या साइट्ससाठी सूचना लावा.  आणि रविवार ते गुरुवार जमत असेल तर शेजारची साइट बहुधा रिकामी मिळते, त्यासारखं दुसरं सुख नाही.

आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ किंवा जास्त असेल तर सीनियर पास (ज्येष्ठांसाठीचा सरकारी सवलत पास) काढा, कोअरच्या साइटचं भाडं निम्मं होतं. व्हिजिटर व्हिसावर मात्र तो मिळत नाही.

टेप लावून झालं की माप आणि तारखा इथेच लिहा. लेनियरवर उजवं अंग मोकळं असलेले नंबर मी काढून देते.