साखरेचा डबा लपवू का?

प्रश्न : नवऱ्याने दारू सोडून सात आठवडे झाले. रात्री चमच्याने नुसती साखर खातो, संध्याकाळी उगाच खेकसतो. हे नवं व्यसन तर नाही ना?

उत्तर : डबा राहू द्या जागेवर. दारू सुटल्यावर गोडाची ओढ पुष्कळांना लागते, बहुधा ओसरतेही. (मधुमेह असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.) मला खेकसण्याची वेळ जास्त महत्त्वाची वाटते. दुपारी ते नीट जेवतात का? माझ्याकडे येणारे एक गृहस्थ रोज सहाला थरथरायचे, ‘तलफ आली’ म्हणायचे. खोदून विचारलं, तर सकाळपासून पोटात फक्त चहा! चारला उकडलेलं अंडं सुरू केलं. अंड्याने दारू सुटत नाही, पण सहाचा तडाखा सौम्य झाला. रिकाम्या पोटाची अस्वस्थता आणि तलफ यांत गल्लत सहज होते.

दुसरं, बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि शरीरातला साठा जेमतेम २-३ आठवड्यांचा. गोळी चालू आहे का, डॉक्टरांना विचारा. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, एकाचे दोन दिसणं, यांतलं काही झालं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.