धूम्रपान प्रतिबंध या विषयावर एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहात, विशेष विषय सामुदायिक आरोग्य आहे आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लवकरच द्यायचा आहे. ‘धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ असा विषय तुम्हाला सुचवला गेला आहे. सांगली जिल्ह्यातील एका गावातले साठ पुरुष घ्यायचे, प्रश्नावली भरून घ्यायची, व्याख्यान द्यायचे आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. हा विषय घ्यावा की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी याच जिल्ह्यात बरीच वर्षे सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते आहे आणि विद्यार्थिनींबरोबर गावोगावी जाते. माझे स्पष्ट मत असे की विषय धूम्रपानाचाच ठेवा, पण ‘ज्ञान’ मोजू नका. आपल्याकडे विडी ओढणाऱ्या माणसाला विडी वाईट असते हे ठाऊक नसते, असे गृहीत धरूनच हे प्रबंध लिहिले जातात. विडी-सिगारेटच्या पाकिटावर २००९ पासून चित्रमय इशारा छापला जातो आणि एप्रिल २०१६ पासून त्या इशाऱ्याने पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापलेला असतो. ज्याने आपल्या भावकीतल्या कुणाला तोंडाच्या कर्करोगाने जाताना पाहिले आहे, त्याला आपण वीस प्रश्नांत काय नवीन सांगणार? सातव्या दिवशी गुण वाढतात, दोन वेळच्या सरासरीतला फरक तपासणारे ‘टी’ मूल्य लक्षणीय येते, प्रबंध मान्य होतो. पण त्या वाढीत व्याख्यान किती लक्षात राहिले आणि तेच प्रश्न दुसऱ्यांदा वाचल्याचा हातभार किती, हे तुलना गटाशिवाय, म्हणजे व्याख्यान न दिलेल्या माणसांशिवाय, वेगळे काढता येत नाही. विडी सुटली का, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

परिचारिकेच्या सल्ल्याने धूम्रपान सुटते का, याचे उत्तर बऱ्याच प्रमाणात मिळालेले आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ४४ अभ्यास आणि २०,००० हून अधिक माणसे एकत्र घेतली गेली. परिचारिकेने हस्तक्षेप केलेल्या गटात धूम्रपान सोडण्याची शक्यता तुलना गटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी अधिक आढळली. आता ही संख्या नीट समजून घ्या. शंभरांपैकी दहा जण एरवीही सोडणार असतील, तर परिचारिकेने मेहनत घेतल्यावर तेरा जण सोडतात. लोकसंख्येच्या पातळीवर ही मोठी गोष्ट आहे, कारण गावातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणारी आरोग्य व्यवस्थेतली माणसे म्हणजे नर्सबाई आणि आशाताईच. परंतु दहा आणि तेरा यांतला फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध करायचा झाला, तर नेहमीचे ८० टक्के सामर्थ्य (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात सुमारे १,७७० धूम्रपान करणारे लागतात. साठ माणसांत तो दिसणार नाही, आणि दिसलाच तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तेवढी माणसे मिळतील का, याचाही हिशेब करून पाहा. प्रौढांमधील तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या जागतिक सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढण्याच्या तंबाखूचे प्रमाण ३.८ टक्के आहे, तर धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के. देशपातळीवर हेच आकडे १०.७ आणि २१.४ टक्के आहेत, म्हणजे आपले राज्य ओढण्यापेक्षा खाण्याचे आणि लावण्याचे आहे. सपाटीवरच्या एका उपकेंद्राखाली साधारण ५,००० लोकसंख्या येते. त्यांतले पंधरा वर्षांवरील पाऊण भाग धरले, तर ३.८ टक्क्यांनी जेमतेम १४० धूम्रपान करणारे होतात. शिराळ्याच्या डोंगरी भागात उपकेंद्र ३,००० लोकसंख्येचे असते; तिथे ८५ च्या आसपास. ही राज्याची सरासरी आहे आणि तुमच्या गावाचा आकडा वेगळा निघेल, पण अंदाज बांधायला ती पुरेशी आहे.

म्हणून माझा सल्ला असा की ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकातून काढा आणि दोन उपकेंद्रांत व्यवहार्यतेचा, म्हणजे हे काम गावात जमते का याचा, अभ्यास करा. घरभेटीतून दिलेले थोडक्यात समुपदेशन किती जणांनी स्वीकारले, किती जणांनी निदान चोवीस तास विडी सोडून पाहिली, सहा महिन्यांनी किती जण टिकले आणि जे घसरले ते कोणत्या प्रसंगी घसरले, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे एका प्रबंधात मिळू शकतात. चौथ्या प्रश्नासाठी दहा-पंधरा सविस्तर मुलाखती घ्या. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग तोच ठरेल.

माहिती गोळा करताना सर्वाधिक काळजी विचारण्याच्या पद्धतीची घ्यावी लागते. तासगाव तालुक्यातल्या एका घरी सोप्यात बसून माझी विद्यार्थिनी प्रश्नावली वाचत होती. “आबा, तुम्ही धूम्रपान करता का?” या प्रश्नावर आबा शांतपणे म्हणाले, “न्हाई वो ताई, कवाच सोडलं.” सून आतल्या दारात उभी होती आणि तिची नजर चौकटीवरच्या फळीकडे गेली, तिथे काडेपेटीशेजारी अर्धी ओढून विझवलेली विडी ठेवलेली होती. आबा खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. सुनेसमोर आणि शहरातून आलेल्या मुलीसमोर तेच उत्तर देणे त्यांना शोभणारे होते. विद्यार्थिनीने प्रश्नावली मिटली, उसाच्या बिलाविषयी दोन शब्द बोलली, आबांबरोबर गोठ्यापर्यंत गेली आणि मग विचारले, “सकाळी उठल्यावर पहिली विडी कधी लागते?” आबांनी चहाच्या आधीची आणि वैरण टाकल्यानंतरची, अशा दोन्ही वेळा सांगितल्या.

हा प्रश्न अवलंबित्वाच्या फॅगरस्ट्रॉम चाचणीतला पहिला प्रश्न आहे. उठल्यापासून पाच मिनिटांत ओढणाऱ्याला त्यात तीन गुण मिळतात आणि सहा प्रश्नांचे मिळून एकूण गुण शून्य ते दहा होतात. चाचणी जरूर वापरा, पण ती सिगारेटसाठी बेतलेली आहे हे विसरू नका. दिवसाला किती, या प्रश्नावर आपल्याकडचा माणूस नग सांगत नाही, ‘एक बंडल दोन दिस पुरतं’ असे सांगतो. विडी मध्येच विझते, ती कानावर ठेवली जाते आणि पुन्हा पेटवली जाते. तेव्हा बंडलातल्या विड्या मोजून नगांचे रूपांतर कसे केले, हे कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहा. सोबत तंबाखू मळून खाणे, मावा आणि मशेरी यांचेही प्रश्न ठेवा. फक्त ओढण्याविषयी विचारले, तर दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून तीन-चार वेळा मशेरी लावणाऱ्या बायका तुमच्या नोंदीत ‘तंबाखूमुक्त’ ठरतील, आणि विडी सोडून माव्यावर गेलेला तरुण यशस्वी ठरेल.

विडी खरेच सुटली का, याच्या पडताळणीतही ओढणे आणि खाणे यांतला हा फरक लक्षात ठेवावा लागतो. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे उपकरण मिळाले तर उत्तम. ओढणारा आणि न ओढणारा वेगळे करायला दशलक्षात १० भाग ही सर्वसाधारण वापरातली मर्यादा आहे. मात्र हा वायू काही तासांत शरीरातून उतरतो, त्यामुळे सकाळपासून न ओढलेला माणूस संध्याकाळच्या मोजणीत सापडणार नाही असे होऊ शकते, आणि चुलीच्या धुरात बसणाऱ्या माणसाचे मोजमाप थोडे वाढू शकते. लाळेतील किंवा लघवीतील कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) अधिक काळ सापडते, पण ते तंबाखू खाणाऱ्यातही सापडते. जे सहा महिन्यांनी भेटणार नाहीत, त्यांना ‘सोडली नाही’ याच गटात धरा. जगभर मान्य असलेला नियम तोच आहे, जरी त्यामुळे तुमचा आकडा खाली आला तरी.

भेटणार नाहीत असे लोक आपल्या भागात पुष्कळ असतात. विटा, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली कितीतरी घरे गलाईच्या (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत आणि पुरुषमाणसे दिवाळीला किंवा गावच्या जत्रेलाच येतात. ऊस पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की दिवसा कोणी सापडत नाही. त्यामुळे पाठपुराव्याचे वेळापत्रक आधी गावाच्या कॅलेंडरवर मांडा आणि मग महाविद्यालयाच्या. विडी सोडण्याची तारीख मात्र माणसालाच ठरवू द्या. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत आषाढी एकादशीचा दिवस पुष्कळ जण आपणहून सुचवतात, आणि त्या दिवसाला घरातल्या बायकांचाही पाठिंबा मिळतो. अडखळणाऱ्यांना राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक लिहून द्या.

नमुना निवडण्यासाठी आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो सीबॅक अर्ज (आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली) भरतात, तो पाहण्याची परवानगी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागा. तंबाखूचा प्रश्न त्यात आहे आणि रोज सेवन करणाऱ्याला त्यासाठी दोन गुण दिले जातात. तिशीच्या आतला तरुण त्या यादीत नसतो, म्हणून टपरीवर आणि तालमीत जाऊन त्याला वेगळे गाठावे लागेल. दुसरी एक चांगली वाट क्षयरुग्णांची आहे. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो, नेहमीचे उपचार सहा महिने चालतात आणि तेवढा काळ आरोग्य कर्मचारी त्यांच्या संपर्कात असतातच. त्यामुळे तुमचा पाठपुरावा वेगळा उभारावा लागत नाही.

सोडवण्यापेक्षा सुरुवातच रोखावी असे वाटत असेल, तर शाळेकडे वळा, पण तिथेही व्याख्यानाचे गुण मोजू नका. २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे आणि अठरा वर्षांखालील मुलाला तो विकणे कुठेही गुन्हा आहे. शाळेच्या फाटकापासून टेप लावून अंतर मोजणे, टपरीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर काय लटकते आहे याची नोंद करणे, आणि ग्रामपंचायतीने ठराव केल्यावर सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोजणे, हेही पूर्ण मोलाचे नर्सिंग संशोधनच आहे. मुलांना थेट प्रश्न विचारणार असाल, तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही घ्या, आणि उत्तरपत्रिकेवर नाव येऊ देऊ नका.

संमतीपत्राविषयी शेवटचे: अंगठा घेताना शेजारी निःपक्ष साक्षीदार असावा लागतो, आणि तो घरचाच माणूस असून चालत नाही. नैतिकता समितीपुढे जाण्याआधी संमतीपत्र गावातल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. पाठपुराव्यासाठी पुरते सहा महिने हवेत, त्यामुळे सिनॉप्सिसबरोबरच समितीचा अर्ज द्या. मान्यता येईपर्यंतच्या काळात उपकेंद्राच्या नर्सबाईंबरोबर घरभेटींना जाऊन गाव ओळखीचे करून घेता येईल.