कुलकर्णी हे आडनाव कुठून आलं? सगळे कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद असतात का?

तुम्ही विचारलंय की कुलकर्णी या आडनावाचा अर्थ काय, ते इतक्या लोकांचं कसं झालं, सगळे कुलकर्णी मुळात एकाच घराण्यातले का, आणि 'कर्णाच्या कुळातले ते कुलकर्णी' असं तुम्ही ऐकलंय ते खरं का. शेवटचा प्रश्न आधी घेते. महाभारतातल्या कर्णाशी या आडनावाचा काहीही संबंध नाही. आणि एकाच घराण्याचाही प्रश्न येत नाही, कारण कुलकर्णी हे मुळात घराण्याचं नाव नव्हतंच. ते गावातल्या एका पदाचं नाव होतं. गाव तिथे पाटील आणि गाव तिथे कुलकर्णी, अशी देशावरची जुनी व्यवस्था. जितकी गावं तितकी ही पदं, म्हणून आज इतके कुलकर्णी दिसतात.

माझं माहेरचं आडनाव कुलकर्णी आणि सासरचंही कुलकर्णी. गोत्रं वेगळी, कुलदैवतं वेगळी, मूळ गावांमध्ये दोन जिल्ह्यांचं अंतर. अशी लग्नं आमच्याकडे नेहमीची आहेत आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आडनाव एक म्हणून नातं एक, असं कुलकर्ण्यांच्या बाबतीत कधीच धरलं जात नाही.

आता अर्थ. यातलं 'कुळ' म्हणजे वंश नव्हे. महसुलाच्या भाषेत कुळ म्हणजे जमीन कसून सारा भरणारा शेतकरी. कुळकायद्यातलं कुळ तेच. 'करण' म्हणजे लेख, दस्तऐवज, हिशेबाचा कागद, आणि तो लिहिणारा करणिक. कुळवार हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. काही जण 'करणी' म्हणजे काम असा अर्थ लावतात, पण मला करणिकाची व्युत्पत्ती जास्त पटते, कारण तिचे भाऊबंद आजूबाजूला जिवंत आहेत. आंध्र-तेलंगणात गावच्या हिशेबनिसाला करणम म्हणत, आणि आपल्याकडचं कर्णिक हे आडनावही त्याच मुळाचं. जुन्या कागदांत बहुधा 'कुळकर्णी' असंच लिहिलेलं सापडतं. आजही काही घराणी 'ळ' जपून आहेत आणि मला ते आवडतं, कारण त्या 'ळ'मुळे अर्थ लगेच कळतो.

पाटील गावाचा प्रमुख आणि कुलकर्णी गावाचा लेखक. कुठल्या शेतकऱ्याकडे किती जमीन, त्यात काय पेरलं, किती सारा ठरला, किती वसूल झाला, किती बाकी राहिली, गावखर्च कुठे झाला, हे सगळं तो मोडीत बोरूने लिहून ठेवी. लावणीपत्रक, जमाबंदी, वसूलबाकी हे त्याचे रोजचे कागद. कागदांचे गठ्ठे कापडात बांधत, त्यांना रुमाल म्हणत, आणि ते दप्तर बहुधा त्याच्या घरीच असे. त्याबदल्यात त्याला इनाम जमीन, रयतेकडून ठरलेले हक्क आणि सणसमारंभातला मान मिळे. हे पद वंशपरंपरेने चाले, म्हणून ते वतन. वतनात भावाभावांच्या तक्षिमा म्हणजे वाटे पडत, काम पाळीपाळीने केलं जाई, वतन गहाणही पडे आणि विकलंही जाई. एका घराकडे चार-पाच गावांचं कुलकर्णीपद असणं किंवा एका गावात दोन कुलकर्णी घराणी असणं, दोन्ही घडत असे.

गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे परगण्याला, म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाला, देशमुख-देशपांडे. देशपांड्याला जुन्या कागदांत देशकुळकर्णी असंही म्हटलेलं आहे. आज कुलकर्णी आणि देशपांडे ही दोन वेगळी आडनावं वाटतात, पण काम एकाच प्रकारचं होतं, फक्त एकाचं गावापुरतं आणि दुसऱ्याचं परगण्यापुरतं.

पद आडनाव कसं झालं, हा यातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. पुष्कळ कुलकर्ण्यांना आधीचं वेगळं उपनाव होतं. समर्थ रामदासांचे वडील सूर्याजीपंत जांब गावचे कुलकर्णी, पण त्यांचं उपनाव ठोसर. ज्ञानेश्वरांचे पूर्वज पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्णी. संतांची चरित्रं लिहिणारे महिपती (१७१५ ते १७९०) ताहराबादचे कुलकर्णी होते. त्यांची एक कथा सांगतात. पूजेला बसले असताना कचेरीतून तातडीचं बोलावणं आलं. ते जाऊन काम उरकून आले आणि मग लेखणी विठ्ठलाच्या पायाशी ठेवून यापुढे ती चाकरीसाठी उचलणार नाही असं त्यांनी ठरवलं. कुलकर्णीपण सोडून त्याच लेखणीने त्यांनी संतचरित्रांच्या हजारो ओव्या लिहिल्या. या माणसांची गावातली ओळख 'अमुक गावचे कुलकर्णी' अशी होती. पुढे इंग्रजी अमदानीत शाळेच्या पटावर, कोर्टात, नोकरीच्या अर्जावर आडनाव लागू लागलं तेव्हा पुष्कळांनी गावात ज्या नावाने हाक मारत तेच लावलं. एकाच घराण्यातला एक भाऊ मूळ उपनाव लावतो, दुसरा कुलकर्णी आणि गाव सोडून गेलेला तिसरा गावाच्या नावाला 'कर' जोडून घेतो, हे आजही पाहायला मिळतं. म्हणून कुलकर्णी आडनावाच्या माणसाला 'तुमचं मूळ उपनाव काय' हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे.

जातीचंही तसंच. बहुसंख्य कुलकर्णी देशस्थ ब्राह्मण, ऋग्वेदी आणि यजुर्वेदी दोन्ही. पण कऱ्हाड्यांत कुलकर्णी आहेत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहेत, कर्नाटकात लिंगायतांतही आहेत. कोकणस्थांत हे आडनाव फार कमी, कारण कोकणात गावाचा वसूल खोताकडे असे आणि देशावरचं पाटील-कुलकर्णी असं जोडपं तिथे तसं रुजलं नाही. नुसत्या आडनावावरून जात सांगू पाहणारे म्हणूनच फसतात.

प्रदेश म्हणाल तर सगळ्यात दाट वस्ती कृष्णा, भीमा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत: सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), नाशिक, मराठवाडा. आणि तितकीच उत्तर कर्नाटकात: बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, कलबुर्गी. पुण्या-मुंबईतल्या लोकांना हे आडनाव निव्वळ मराठी वाटतं, पण धारवाडच्या शेजारणीला विचारा, ती म्हणेल हे आमचं कन्नड आडनाव. दोघांचंही खरं आहे. आदिलशाही आणि पेशवाई यांच्या काळात यातला बराचसा मुलूख एकाच कारभाराचा होता आणि पुढे मुंबई इलाख्यातही एकत्र राहिला, भाषावार सीमा फार नंतर आली. कथाकार जी. ए. कुलकर्णी बेळगावकडचे, अनेक वर्षं धारवाडला शिकवत राहिले आणि लिहिलं मराठीत. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा आणि शालेय शिक्षण हुबळीत. खगोलशास्त्राचा २०२४चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची बहीण सुधा मूर्ती, माहेरच्या कुलकर्णी, कन्नडमध्ये लिहितात. सीमेवरच्या या पट्ट्यात आडनावाला भाषेचं कुंपण घालता येत नाही.

पट्टा सोडला की नावं बदलतात. किनारी कर्नाटकात याच कामाचं नाव शानभाग, तेही पुढे आडनाव झालं. वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलखात पटवारी, तेही आडनाव झालं. गोव्यातल्या गावकरीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतही, हिशेब लिहिणाऱ्याला कुळकर्णी म्हणत.

आता जे कुलकर्ण्यांच्या घरात सहसा बोललं जात नाही ते. मी स्वतः कुलकर्णी म्हणून ते लिहिणं मला आवश्यक वाटतं. गावात लिहिता येणारा बहुतेक वेळा एकटा तोच. पाटलाला सही करता येत नसेल तर कागदावर त्याची निशाणी नांगराची असे. शेतकऱ्याच्या नावावर किती बाकी आहे, रोख्यात काय लिहिलंय, हे ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिणाऱ्यावरच विसंबावं लागे. या विश्वासाचा गैरफायदा पुष्कळांनी घेतला. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी भटकुलकर्ण्यांविषयी जे जळजळीत लिहिलं ते कुणा एकावरच्या रागातून नव्हतं. अडाणी ठेवलेला शेतकरी लेखणीखाली कसा नागवला जातो याची ती पाहणी होती. सत्यशोधक चळवळीतले मुकुंदराव पाटील यांनी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलकर्ण्यांच्या कारभारावर एक आख्खं उपरोधिक काव्य लिहिलं. वतनदारांच्या सत्तेबद्दलची धास्ती त्याआधीचीही आहे: अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, देशमुख, देशकुळकर्णी, पाटील यांना नुसते वतनदार समजू नका, ते लहान असले तरी स्वतंत्र देशनायकच आहेत, असा इशारा आहे. प्रामाणिक कुलकर्णीही होते, दुष्काळात सारा सुटावा म्हणून सरकारदरबारी खेटे घालणारेही होते. पण एकाच घराकडे पिढ्यान्‌पिढ्या गावाची सगळी अक्षरं असणं ही व्यवस्थाच अन्यायाची होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती मोडण्याचं धाडस प्रथम कोल्हापुरात झालं. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. ब्राह्मणेतर समाजातले, अगदी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले तरुणही त्यांनी तलाठी केले. त्या काळी यावरून किती गहजब झाला असेल याची कल्पना करा, गावाचं दप्तर आता त्यांच्या हाती आलं होतं. बाकी मुंबई राज्यात ही गोष्ट व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५०चा, अंमल १ मे १९५१पासून. पद गेलं, हक्क गेले, वतनाची जमीन मात्र सरकारला ठरलेली रक्कम भरल्यावर बहुतेकांना पुन्हा देण्यात आली, पण ती विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल अशा अटीवर. सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' असा शेरा दिसला की जमिनीला असा काही इतिहास असू शकतो. मागोमाग कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली. ज्या कुळांचा हिशेब कुलकर्णी लिहीत होता ती कुळं मालक झाली आणि ते योग्यच झालं. कुलकर्णी तोवर पुष्कळसे गाव सोडून पुण्या-मुंबईला नोकरीत शिरले होते, राहिलेलेही निघाले. शहरांतल्या प्रत्येक कार्यालयात एखादा कुलकर्णी का सापडतो याचं उत्तर यात आहे. लिहिण्यावाचण्याचं काम पिढीजात होतं, ते शाळा, बँका, कचेऱ्यांमध्ये चालू राहिलं.

आडनाव किती पसरलंय हे मोजायला आकड्यांची गरजच नाही. मराठी चित्रपटसृष्टीत सोनाली कुलकर्णी या एकाच नावाच्या दोन प्रसिद्ध अभिनेत्री आहेत. क्रिकेटमध्ये राजू, नीलेश, धवल असे भारताकडून खेळलेले कुलकर्णी आहेत. त्यातल्या नीलेश कुलकर्णींनी १९९७ साली कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला होता. यांतल्या कुणाचंही कुणाशी नातं असलंच पाहिजे असं नाही.

तुम्ही स्वतः कुलकर्णी असाल आणि आपलं मूळ शोधत असाल, तर आडनावावरून सुरुवात करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोत्र, कुलदैवत आणि कुठल्या गावचं कुलकर्णीपद होतं, एवढं लिहून घ्या. गाव कळलं की पुष्कळ काही हाती लागतं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांच्या पिढ्या गाववार नोंदलेल्या असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आणि इंग्रजी अमदानीत इनामांची छाननी करणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीचे कागद आहेत. त्या चौकशीत इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी सनदा आणि वंशावळी हजर कराव्या लागल्या होत्या, त्यामुळे तिथे आजोबांच्या आजोबांचं नाव सापडणं अशक्य नाही. कोल्हापूर संस्थानातलं गाव असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा. भारत इतिहास संशोधक मंडळातही वतनाच्या भांडणांचे महजर म्हणजे निवाड्याचे कागद आहेत. हे सगळं मोडीत आहे, तेव्हा आधी मोडी शिका किंवा वाचणाऱ्याला सोबत न्या. पुण्यात आणि इतर शहरांत मोडीचे वर्ग भरतात आणि रोज थोडा सराव केला तर काही महिन्यांत साधं अक्षर लागायला लागतं. कागदात मूळ उपनाव मिळालं तर इथे जरूर कळवा, मला ते वाचायला मनापासून आवडेल.