वाचक विचारतात : पावसाळा आणि ड्वार्फ हॅमस्टर

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यापासून हॅमस्टरच्या पिंजऱ्याला कुबट वास येतो. दर दोन दिवसांनी सगळं धुतो, तरी जात नाही. खाली वखारीतला भुसा घालतो. (रत्नागिरी)

उत्तर : भुसा आजच काढा. त्याची बारीक धूळ श्वासातून आत जाते, शिवाय तो हवेतला ओलावा ओढून बुरशी धरतो. ड्वार्फ हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी मंगोलिया, कझाकस्तान, सायबेरियाकडच्या कोरड्या माळांवरचा. आपल्याकडची दमट हवा त्याला मानवत नाही. बिनवासाचे पांढरे टिश्यू पेपर फाडून निदान 15 सें.मी. जाड थर द्या, म्हणजे त्याला बिळं करता येतील. कापूस मुळीच नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि गालाच्या पिशवीत अडकतात.

वासाचं मूळ बहुधा घरट्याखाली असेल. गालात भरून नेलेले दाणे तो तिथे साठवतो आणि जुलैत त्यांना लगेच बुरशी लागते. रोज घरट्याशेजारी बोटाने चाचपून पाहा. मऊ पडलेले, एकमेकांना चिकटलेले दाणे काढा, कोरडे तसेच राहू द्या. सगळी पुंजी उचललीत तर तो बिथरतो. सगळं सारखं धुण्याचंही तेच : स्वतःचा वास गेला की तो पुन्हा जागोजाग खुणा करत सुटतो. लघवीचा कोपरा बहुतेकदा ठरलेला असतो. तेवढा रोज बदला, बाकीच्यातला तिसरा हिस्सा आठवड्याला.

प्रश्न : मुलं त्याला आंघोळ घालायची म्हणतात. समुद्रावरची वाळू ठेवली तर? (मालवण)

उत्तर : पाण्याने आंघोळ नकोच. अंगावरचं तेल निघून जातं आणि एवढासा जीव गारठतो. वाळू हवी, पण किनाऱ्याची नको : तिच्यात मीठ असतं, म्हणून ती कधी पुरती सुकत नाही, आणि शिंपल्यांचे कण टोचतात. नदीची बारीक वाळू धुऊन, चाळून, कढईत भाजून पूर्ण गार करा आणि पसरट वाटीत 2-3 सें.मी. घाला. दमट दिवसांत पुन्हा भाजावी लागते. टाल्कम पावडर अजिबात वापरू नका.

प्रश्न : दुकानदाराने जोडी दिली. आता रात्री चीं-चीं ऐकू येते, एकाच्या पाठीवर जखम आहे. (अलिबाग)

उत्तर : आजच वेगळे करा, पुन्हा एकत्र आणू नका. प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा, घरटं, पाण्याची बाटली. नर-मादी असतील तर 18 ते 21 दिवसांत पिल्लं होऊ शकतात. तेवढे दिवस मादीच्या घरट्याला हात लावू नका. जखम खोल असेल किंवा पू दिसला तर पशुवैद्य गाठा.

प्रश्न : आंब्याची फोड देतो, फार आवडीने खातो. (देवगड)

उत्तर : आवडणारच, पण देऊ नका. ड्वार्फ जातींत, विशेषतः कॅम्पबेलमध्ये, मधुमेह सहज होतो. गरे, केळी, गूळही बंद. रोज सपाट चहाचा चमचाभर नाचणी, बाजरी, ज्वारी आणि काकडीच्या बिया. आठवड्यातून दोनदा नखाएवढा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. एकाएकी पाणी खूप पिऊ लागला आणि लघवीने खालचा थर जास्त भिजू लागला, तर थांबू नका, पशुवैद्याला दाखवून आणा.